तेरणेच्या वाळूत पाना मिस्त्री

पाना मिस्त्री माणसाला न सांगता मारत आणि गाडीला सांगून. कानाखाली जाळ निघाला की मग माणसाला कळायचं, आपलं काहीतरी चुकलं. गाडीवर पाना उगारताना मात्र आधी टाकीवर हात ठेवत आणि म्हणत, "बाई, आता लागंल हं." त्यावरून त्यांचं नाव पाना. मी त्यांच्या हातचं तीनदा खाल्लं.

तेरच्या स्टँडमागं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. खालची जमीन मालकाची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. निजाम गेला, विलीनीकरण झालं, कायदे आले. मालक होता तिथंच होता. त्याच्या धाकट्या पोराला त्या जागेवर गिरणी टाकायची होती. भर चावडीत तो म्हणाला, "भंगारवाल्या, जत्रंच्या दिवशी माझ्या फटफटीबरोबर तुझी पळव. जिंकलास तर शेड राहील. हरलास तर तुझ्या हातानं पत्रे काढायचे."

मिस्त्री एवढंच म्हणाले, "व्हय."

मी तेव्हा चळवळीत पत्रकं काढायचो. मी पेटलो. "मिस्त्री, हरलात तरी चालेल. लोक जागे होतील," असं म्हणालो आणि पहिली थप्पड बसली.

"पत्रे तुझे हाईत का?"

फौजेच्या भंगारातलं इंजिन, स्वतः जोडलेला सांगाडा, सायकलची सीट, अशी ती गाडी. चिखल अडकतो म्हणून चेनवरचं झाकण त्यांनी काढूनच टाकलं होतं. आमच्या मोर्चाचं, 'राबेल त्याची जागा' लिहिलेलं फडकं मी गाडीला बांधायला गेलो, तेव्हा दुसरी बसली. "फिरतं चाक कुणाचं बी फडकं ओढतंय. त्याला वाचता येत न्हाय."

तेरणेचं कोरडं पात्र, दरड, वरची नांगरट आणि परत पात्र, असे तीन फेरे. पहिल्याच फेऱ्यात कार्बोरेटरमध्ये वाळू गेली. मिस्त्रींनी तो उघडून तोंडानं फुंकला, पेट्रोल थुंकले, निघाले. दुसऱ्या फेऱ्यात नांगरटीत डावा फुटरेस्ट मोडला. पाय तापल्या इंजिनवर टेकला, पोटरी सोलून निघाली. तेवढ्यात धाकट्यानं शेजारी येऊन त्याच पायावर लाथ घातली. मिस्त्रींनी चालत्या गाडीवरून पाना काढला आणि त्याच्या दंडावर हाणला. धाकटा वाकडा होऊन मागं पडला. काठावरची माणसं नुसती ओरडत होती.

पात्रात येऊन मिस्त्री थांबले, वाकून फुटरेस्टला तार आवळू लागले. ते जिंकणार हे दिसत होतं. जिंकताना आमची अक्षरं लोकांना दिसली पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात. मी मागच्या बाजूला फडकं बांधलं.

शेवटच्या फेऱ्यात दरड उतरताना ते चेनमध्ये गेलं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, मिस्त्री पुढं फेकले गेले. तोंडभर रक्त घेऊन उठले, उतारावरच गिअर काढला आणि कापड उपसू लागले. कापड सुटलं तशी गाडी खाली निसटली, चेन फिरली आणि उजव्या हाताची तीन बोटं दात्यांत गेली. धाकटा शेजारून निघून गेला.

आठव्या दिवशी मिस्त्री डाव्या हातानं पत्रे काढत होते. मी नवं पत्रक घेऊन गेलो. मालकाच्या गुंडांनी गाडीत घातपात केला, असं मी छापलं होतं. त्यांनी ते माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. मग तिसरी बसली, डाव्या हाताची.

"मालक हरामीच हाय. पर फडकं कुणाचं, ते लिव."

त्याच दुपारी ते सोलापूरच्या मोटारीत बसले. पाना शेडमध्येच राहिला होता. मी धावत नेऊन दिला तर घेतला नाही. "आता कशानं धरू?" म्हणाले. मोटार हलली तेव्हा खिडकीतून परत एकदा म्हणाले, "लिव."

मालकाविरुद्ध त्यानंतरही मी पत्रकं काढली, पुढंही काढीन. एका माणसाचं छप्पर त्यानं शर्यतीवर लावलं, हे पाप त्याचं. फडकं माझं होतं. मिस्त्रींनी नको म्हटलं होतं आणि मी ते बांधलं.