रकान्यातले दोनशे तीस

कारखान्यात सगळे तिला मीटरबाई म्हणायचे. पाणी तापवायच्या हीटरची कॉइल गुंडाळून झाली की तिच्या टेबलावर यायची. दोन चिमटे लावायचे, बटण दाबायचं, अँपिअरचा काटा थांबला की आकडा वाचायचा. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे तारेचा रोध. गुणलं की वॅट. दोनशे तीस व्होल्टला पाच अँपिअर आले तर सेहेचाळीस ओहम, साडेअकराशे वॅट. कॉइल पास. बावीस वर्षं तोच भागाकार करून तिला कॅल्क्युलेटर कुठल्या खणात आहे हेही आठवत नसे. पोटऱ्या मात्र संध्याकाळपर्यंत दगड व्हायच्या.

गेले तीन आठवडे एकाच बाईच्या कॉइल नापास होत होत्या, आणि ती बाई तिची धाकटी जाऊ होती.

जावेला तीन आठवड्यांपूर्वी कामाला तिनेच लावलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं आवरून जाऊ अकराला यायची, म्हणून तिच्या कॉइल तपासायला यायच्या त्या जेवणानंतर; बाकीच्या बायकांच्या सकाळीच उरकायच्या. दर वेळी काटा साडेचारावर थांबायचा. दोनशे तीस भागिले साडेचार, एक्कावन्न. चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस चालायचं, एक्कावन्न नाही. तार जास्त गेली, हीटर कमी तापणार. लाल खडूची रेघ आणि कॉइल पोत्यात.

सोमवारी मालकाने बजावलं होतं, "बाई, तुमच्या घरातलं माणूस म्हणून थांबलोय. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर मी दुसरी बघतो."

घरी दीर बायकोला म्हणाला, "तुला साधे वेढे मोजता येत नाहीत? माझ्या चुका तर बरोब्बर मोजतेस." मीटरबाई ताटं पुसत होती. ती पुसतच राहिली. आकड्यापुढे ती तरी काय बोलणार होती? त्या दिवसापासून जावेने तिच्याशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी दुपारी जाऊ स्वतःच टेबलाशी येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, सकाळी पास केलेली एखादी कॉइल आत्ता लावा."

"कशाला?"

"माझ्या समाधानासाठी."

"तुझ्या समाधानाला वेळ नाहीये गं मला. अजून साठ राहिल्यात."

"घरी तुम्हाला वेळ नाही, इथे वेळ नाही. मग मी बोलायचं कुठे, जिन्यात?"

पॅकिंगवाली फिसकन हसली. जावेचं तोंड बंद करायला म्हणूनच मीटरबाईने सकाळच्या ढिगातली एक कॉइल उचलून लावली. काटा साडेचारावर थांबला. तिने चिमटे घासून पुन्हा लावले. दुसरी कॉइल घेतली. साडेचार.

मग तिने मान वर केली. व्होल्टचा मीटर वर भिंतीला होता. त्याचा काटा दोनशे सातवर होता.

शेजारच्या वर्कशॉपमध्ये दुपारी वेल्डिंग सुरू झालं की दिवे पिवळे पडतात, हे कारखान्यात कोणाला माहीत नव्हतं? तिलाही माहीत होतं. पण सकाळी आल्या आल्या ती रजिस्टरात व्होल्टच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दोनशे तीस लिहून टाकायची. तेवढेच दिवसभराचे कष्ट वाचतात. मग त्या मीटरकडे बघायचं कारणच उरत नसे.

दोनशे सात भागिले साडेचार.

"किती?" जावेने विचारलं.

"सेहेचाळीस."

"म्हणजे माझी तार..."

"बरोबर होती."

जावेने टेबलाची कड धरली. "तीन आठवडे मी झोपेतसुद्धा वेढे मोजतेय. तुमचे भावजी हलवून उठवतात मला."

पॅकिंगवाली पुन्हा खोक्यांकडे वळली होती. मीटरबाई हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून तुझ्या कॉइल मी सकाळी घेते. आदल्या दिवशीच्या. पास होतील. मालक म्हणेल, सुधारली."

"मी बिघडले कधी होते?" जाऊ म्हणाली.

मीटरबाईने रजिस्टर उचललं आणि मालकाच्या खोलीत गेली. त्याने पान पाहिलं. खालच्या अर्ध्या भागात कॉइलचे आकडे अजून भरायचे होते. दोनशे तीस मात्र शेवटच्या ओळीपर्यंत होते.

"बावीस वर्षं असंच?"

"पहिली काही वर्षं वाचत होते."

"नापास माल कुठंय?"

"पोत्यांत. तार उलगडायला गेला नाही अजून."

"मग सगळा परत तपासा. एकूण एक."

"आणि जाऊ?"

"त्यांना कशाला काढू? त्यांचं काय चुकलं?" मालकाने रजिस्टर मिटलं, पण तिला परत दिलं नाही. "तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू. ही पोती कोऱ्या वहीत लिहा."

पाचला जाऊ चपला घालून टेबलाशी आली. "मी निघते. सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली. आणि घरी हे तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नको."

"सांगते."

"सगळ्यांसमोर."

"हो गं बाई, सांगते."

शेजारी वेल्डिंग चालूच होतं. मीटरबाईने पहिलं पोतं टेबलाशी ओढलं. कमरेतून कळ आली म्हणून थोडी थांबली. मग दर कॉइलला आधी मान वर, मग खाली. दोनशे सात, साडेचार, सेहेचाळीस. दोनशे नऊ, साडेचार, सेहेचाळीस. लाल रेघ ओल्या फडक्याने पुसायची, कॉइल पासच्या खोक्यात ठेवायची. मान वर करून करून खांदे भरून आले. तीन आठवड्यांचा माल, आणि आतापर्यंत सगळा चांगला.

त्रेसष्टाव्या कॉइलला काटा चारावरच थांबला. तिने वर पाहिलं. दोनशे आठ. म्हणजे बावन्न. ही खरोखरच बिघडलेली होती.

तिला एकदम हायसं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली. कॉइलवरची लाल रेघ तिने तशीच राहू दिली, वहीत तिन्ही आकडे नीट लिहिले आणि पुढची कॉइल उचलली.