चौथ्या सिलिंडरजवळचं बूच

आमच्या मिस्त्रींबद्दल लोक म्हणतात, माणूस देव आहे, कधी शब्दाने कुणाला दुखवत नाही. अहो, शब्द काढला तर दुखवेल ना! एकतीस वर्षं या घुम्या माणसाबरोबर संसार करतेय मी. घरात आवाज करायचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. माझा पारा किती चढलाय ते बघायला सेन्सर लागत नाही, दोन घरं सोडून राहणाऱ्यांनाही कळतं.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. गॅरेज घराला लागूनच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचे पाय दिसतात, बाकीचा माणूस गाडीखाली. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवून देणं ही त्यांची खासियत. ते म्हणतात, इंजिन काय, कुणीही बसवेल. ते आतून किती तापतंय हे कळायला हवं, आणि त्यासाठी सेन्सर योग्य जागी हवा.

या एका विषयावर मात्र त्यांना तोंड फुटतं. माझी मावशी एकदा चार दिवस आली होती, तिलाही सोडलं नाही. पंप पुढे असतो, थंड पाणी पुढून शिरतं, मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी पोचेपर्यंत ते पुरतं तापतं. वाफही आधी तिथेच धरते. म्हणून सेन्सर तिथे, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या जाड झाकणात, त्याचं टोक वाहत्या पाण्यात राहील असा बसवायचा. आट्यांवर टेप गुंडाळायची नाही, कारण त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. खाली तांब्याचा वायसर घातला की झालं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जावईबापू, त्यापेक्षा माझा गुडघा तेवढा बघा."

आम्हाला एकच मुलगा. हात बापाचे, जीभही बापाची, आणि हट्ट आम्हा दोघांचा मिळून. खाण तशी माती.

तीन वर्षांपूर्वी बापलेकांनी मिळून एक गाडी बांधली. जुनी, दोन दारांची, छोटी गाडी आणि तिच्यात सामानाच्या व्हॅनचं इंजिन. आठ महिने चाललं होतं. मी दिवा धरायचे, चहा द्यायचे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून मधल्यामध्ये मीच बोलायचे. त्या आठ महिन्यांत खिडकीतून चार पाय दिसायचे. तेव्हा मी कटकट करायचे की घरभर ग्रीसचे हात लागतात. आता भिंतीवर तसा एक डाग राहिलाय, तो पुसायचा मला धीर होत नाही.

सेन्सरपाशी येऊन घोडं पेंड खायला लागलं. चिरंजीवांचं म्हणणं, हेडला भोक कशाला पाडायचं? एक चीर गेली की हेड भंगारात. वरच्या होज पाइपमध्ये तयार जोड मिळतो, त्यात बसवू, पाच मिनिटांचं काम. ह्यांचं म्हणणं, पाइप थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या पुढे. तो उघडेपर्यंत तिथे काही कळत नाही. आणि पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडाच लोंबणार. काटा खाली आणि इंजिन जळतंय.

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. पण एका दुपारी पोरगा नोकरीसाठी मुलाखतीला गेलेला असताना ह्यांनी हेड टेबलावर घेतलं, चौथ्या सिलिंडरजवळ भोक पाडलं आणि आटेसुद्धा पाडून ठेवले. काम सुरेख झालं होतं. विचारलं मात्र नव्हतं. पोरगा आला, बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "बाबा, गाडी माझी आहे ना?"

झालं. दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी ह्यांनी त्या भोकाला पितळी बूच लावलं, त्यावर पंच ठोकून आपल्या खुणेचा ठिपका मारला आणि म्हणाले, "पटेल तेव्हा ये. बसवून देईन." पोराने पाइपात सेन्सर बसवला आणि त्याच गाडीतून नोकरीच्या गावी निघून गेला. एसटीने पुरा एक दिवस लागतो इतकं लांब.

मागे बसवायचा सेन्सर ह्यांनी जुन्या चष्म्याच्या घरात, कापडात गुंडाळून ठेवला. दर महिन्याला काढून बघायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अंडं आहे का ते? पिल्लू निघणार आहे का?" ह्यांनी ते पुन्हा कापडात गुंडाळलं.

पोरगा मला फोन करायचा, "ठीक आहे, जेवलो, ठेवतो." बापाला फोन नाही. पण दर रविवारी कुठे गाडी घेऊन गेला की तापमानाच्या मीटरचा फोटो पाठवायचा. नुसता काटा. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. हे चष्मा लावून बघायचे, म्हणायचे, "पाइपातला आकडा. इंजिनात पाच जास्त धर." आणि कॅलेंडरवर पाच मिळवून लिहायचे. मग फोन माझ्याकडे. मी काटा कशाला बघू? मी मीटरच्या काचेत त्याचा चेहरा दिसतो का ते शोधायचे. एकदा अंगठा आला होता फोटोत, नख वाढलेलं. तो फोटो मी कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. तीन वर्षांत तो एकदाही आला नाही. सुट्टी नाही म्हणायचा. मला त्याची इतकी आठवण यायची की रस्त्यावर दोन दारांची कुठलीही गाडी थांबली तरी मी दारापर्यंत जाऊन यायचे.

मग एका रविवारी फोटो आला, शहाण्णव. चढाचा रस्ता होता, खाली तसं लिहिलंही होतं. पण ह्यांनी पाच मिळवले. एकशे एक. जेवताना घास तोंडाशी थांबला. "शंभर गेले," म्हणाले. "पोरगा कुठेतरी घाटात अडकेल. मला जायला हवं."

तीन वर्षं मी जे वाक्य ऐकायला आसुसले होते ते या पाचामुळे ऐकायला मिळालं. मी लगेच फोन लावला. "आम्ही येतोय. बाबा सेन्सर आणतायत, तो मागे बसवायला." पोरगा म्हणाला, "उद्या नको. परवा या."

माझं डोकं फिरलं. आई-बापाला परवा या म्हणतो! तरी गेलो, परवाच गेलो.

फाटकाशी उभा होता. बारीक झालेला, केस बापासारखे मागे सरकलेले. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरले आणि त्याचा हात धरून उभी राहिले. बोटांच्या पेरांवर ताजं खरचटलेलं होतं. "हे कशाने?" "दारात सापडला हात." ह्यांनी त्या हाताकडे एकदा बघितलं.

गाडी खाली पत्र्याच्या शेडमध्ये होती. पाणी प्यायलाही न थांबता ह्यांनी बॉनेट उघडलं. दिवा अर्थातच माझ्या हातात. पाइपात सेन्सर, मागे पितळी बूच, वर ह्यांचा ठिपका. सगळं होतं तसंच. ह्यांचं बोट बुचावरून फिरलं, मग सेन्सरच्या तारेवरून मागे येत थांबलं.

मी काही मिस्त्री नाही, पण एकतीस वर्षं दिवा धरलाय. तार हेडच्या कडेने चौथ्या सिलिंडरपर्यंत गेली होती, क्लिपांत नीट बसवलेली, आणि क्लिपांवर बोटभर धूळ. तिथून ती उलटी फिरून पुढे पाइपाकडे आली होती, नुसती टाकल्यासारखी. पाइपाकडे जाणाऱ्या तारेला मागे जायचं कारणच नव्हतं. आणि बुचाखालचा तांब्याचा वायसर लखलखीत होता. धूळ वर्षांची, वायसर कालचा.

म्हणजे पोराने सेन्सर कधीच मागे बसवला होता, बापाने सांगितला होता तसाच. आणि आम्ही येणार म्हटल्यावर एका दिवसात तो काढून, बूच परत लावून, पाइपाचा जोड पुन्हा चढवून ठेवला होता. हाताची सालं त्यातच निघाली होती.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात ते पोराला म्हणाले, "जागा अवघड आहे. उद्याचा अख्खा दिवस जाईल."

काम अर्ध्या तासाचं. दिवस लावला. दोघांची डोकी बॉनेटखाली. चष्म्याचं घर उघडलं, सेन्सर कापडातून निघाला. ह्यांनी मावशीला सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं, पंप, पाणी, वाफ. पोरगा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता. "टेप नाही लावायची?" "नाही." "का बरं?" आणि ह्यांनी तेही सांगितलं. दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. मी दिवा धरून रडत होते. मला लपवता येत नाही.

दोन दिवस राहून निघालो. परतीच्या एसटीत हे म्हणाले, "पहिल्या महिन्यातच बसवला असणार."

"कशावरून?"

"धुळीवरून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे आकडे खरेच होते. शहाण्णव म्हणजे शहाण्णवच."

"मग उगाच धावलो म्हणा की," मी चिडवलं.

"उगाच नाही," म्हणाले, आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

पुढच्या रविवारी फोटो आला. अठ्ठ्याऐंशी. ह्यांनी कॅलेंडरवर अठ्ठ्याऐंशी लिहिलं. फोटोखाली या वेळी दोन ओळी होत्या, त्या मी वाचून दाखवल्या. बाबा, थर्मोस्टॅट उशिरा उघडतोय असं वाटतं. बघायला कधी येता?

ह्यांनी फोन घेऊन काटा पुन्हा बघितला. "छे, अगदी वेळेवर उघडतोय," म्हणाले.

"मग काय कळवू त्याला?"

ते उठून पान्यांची पेटी काढत होते.

"कळव, उशिराच उघडतोय म्हणून."