सोळाचं बारीक भोक

“तुमी म्हणालास ‘कमी कर’. आठार होता ता मी पाचार आणलंय. कमीच झाला मा? मग माझ्यार कित्या खेकसतास?”

दगडू हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात फडकं होतं आणि बाप्टिस्टच्या हातात बिघडलेला फोटो. बाप्टिस्टच्या आखातातल्या अल ऐनमधल्या स्टुडिओत देवगडचा हा दगडू झाडतो, पडदे टांगतो, गाडी हाकतो. गेल्या वर्षापासून मालकाचे हात कापतात, म्हणून जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्सही तोच फिरवतो. वसईचा बाप्टिस्ट काय फिरवायचं ते नुसतं पुकारतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, असिस्टंट ठेवलाय. एकमेकांवाचून दोघांचं अडतं, म्हणून वैरही मुरलेलं.

त्या लेन्सवर दोन कडी. एक उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं, एक ते उघडं राहण्याच्या वेळेचं, आणि दोन्ही एकमेकांत अडकवलेली. भोक वाढलं की वेळ आपसूक तोकडा होतो, उजेड तेवढाच पडतो. म्हणून फोटो जळला नाही. पण भोक मोठं असलं की पुढचं तेवढं कोरीव, मागचं पिठूळ. या फोटोत गिऱ्हाईक मरियमबीचं खानदान तीन रांगांत बसलेलं, मागे सुना. थोरली बिलकीस फोटो बघून म्हणाली, “सासर सगळं लख्ख आणि आम्ही सुना धुक्यात? अम्मांनी तुम्हाला काही सांगून ठेवलं होतं का?”

मरियमबी लवकरच कायमची गावी चाललेली. म्हणून शुक्रवारी सगळ्यांनी पुन्हा यायचं ठरलं.

“भोक कमी कर म्हटलं, यू फूल. आकडा वाढला की भोक बारीक. केकचे चार पीस मोठे, सोळा पीस छोटे. सिंपल,” बाप्टिस्ट खेकसला.

“आमच्यात केक नसता.”

“शुक्रवारी परत चुकलास तर व्हिसा कॅन्सल. खलास.”

पन्नाशी उलटलेल्याला दुसरा व्हिसा कोण देतो? दगडू घाबरला, पण वाकला नाही. म्हणाला, कमी-जास्त मला सांगायचं नाही. आकडा एक बोलतो, भोक दुसरं. बारीक करायचं तर ‘धाप’ म्हणा. आमच्या मालवणीत दार बंद करणं म्हणजे धापणं; दार धापत आणलं की बारीक फट उरते, आकड्याचा घोळ उरत नाही. बाप्टिस्ट म्हणाला, तुझी गावठी भाषा माझ्या स्टुडिओत चालणार नाही.

शुक्रवारी रांगा लागल्या. दिवे तापले. भोकाचं कडं पाचवरच होतं.

“कमी कर,” बाप्टिस्ट म्हणाला.

दगडूचं बोट कड्यावर होतं. ते हललं नाही. मरियमबी घाम पुसू लागली, मुलगा घड्याळ बघू लागला. बाप्टिस्टने स्वतःच कडं धरायला हात पुढे केला. सगळ्या खानदानासमोर तो हात थरथरला. बिलकीसने आधी हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. बाप्टिस्टने हात खिशात घातला.

“धाप,” तो दातांतून म्हणाला. “धाप, मेल्या.”

दगडूने कडं सोळावर नेलं. फोटो निघाला.

फिल्म धुऊन आली तर मागच्या रांगेतल्या बिलकीसच्या चमकीचे खडेसुद्धा मोजून घ्यावेत. बाप्टिस्टने शाबासकी दिली नाही. लोकांसमोर माझा हात उघडा पाडलास, म्हणाला, हे मी विसरणार नाही.

“इसरू नकात,” दगडू म्हणाला, आणि दारात साचलेली वाळू झाडायला गेला.