घोरणाऱ्यांचा धोका

समजा, साथीच्या दिवसांत फोनवर काही शोधायला तुम्ही ‘घो’ एवढंच लिहिलंत आणि खाली लगेच प्रश्न हजर: ‘घोरणाऱ्यांना या साथीत धोका जास्त असतो का?’ कुलपं दुरुस्त करणाऱ्या माझ्या मामांचं रोज असंच व्हायचं. सगळं जग हेच विचारतंय म्हटल्यावर त्यांनी धसकाच घेतला आणि घोरणं नको म्हणून झोपणंच सोडलं.

मामी वैतागली. “अहो, झोपा आता. घोरता तेव्हा निदान श्वास चालू आहे, एवढं तरी कळतं मला.”

मी समजावलं, “मामा, तुम्ही सारखं हेच शोधता, म्हणून फोन तेच सुचवतो. विचारणारे तुम्ही एकटेच आहात.”

मामांचा चेहरा आणखीच उतरला.

“एकटाच? मग बाकीचे घोरणारे गेले कुठे?”