पहिलं पान भाऊंचं

मॉनिटरचं बटण दाबून तो पडदा काळा करायचा, खुर्ची गिऱ्हाइकाकडे वळवायचा आणि म्हणायचा, “हां काका, आता सांगा.”

काका गोंधळायचे. सांगायचं काय? लिहून आणलेलं सगळं टाइप झालेलं, डोळ्यांसमोर दिसत असलेलं, आणि हा माणूस पडदाच बंद करून बसलेला. “अहो, सगळं त्यात आहे की,” काका म्हणायचे. “त्यातलं त्यात राहू द्या. तुम्ही सांगा.” मग काका घसा खाकरून काहीतरी सांगायला लागायचे. जे पहिल्यांदा तोंडात येईल ते पुस्तकाचं पहिलं पान. एवढीच त्याची विद्या. तेवढ्यावर त्यानं नाव कमावलं, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून ते बघत राहिले.

सीबीएस बसस्टँडजवळच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंगचं दुकान. प्रतिज्ञापत्रं, प्रकल्प अहवाल, लग्नपत्रिका, आणि सगळ्यात जास्त म्हणजे निवृत्त माणसांची आत्मचरित्रं. तुमच्याही घरी एखादं असेलच. वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होतात, मुलं हॉल ठरवतात, जेवण सांगतात, आणि आलेल्यांच्या हातात द्यायला पुस्तक छापून घेतात. या सगळ्या पुस्तकांची सुरुवात ‘माझा जन्म’ अशीच व्हायची. तो येईपर्यंत.

तो नामपूरचा. दुकानात माझ्यानंतर आला, वयानंही माझ्याहून लहान, म्हणून इथं ‘तो’ म्हणते. तोंडावर सगळ्यांसारखी मीही भाऊच म्हणायचे. मला मात्र सगळे मॅडम म्हणायचे. मॅडमला लोक काम सांगतात आणि भाऊला मनातलं सांगतात, हा फरक तुमच्या लक्षात येईल. माझ्या लक्षात तो फार लवकर आला.

त्याचं टायपिंग दोन बोटांचं. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं वैर. शर्टाच्या खिशात भाजलेल्या शेंगा, आणि टरफलं कीबोर्डात. दुपारी आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन, “माय, तुनं जेवण व्हयनं का? मी कामवर शे,” असं इतक्या मोठ्यानं बोलायचा की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही त्याची आई जेवली की नाही ते कळायचं. आणि मी? माझी बोटं बघायला लोक थांबायचे. पानामागून पान, एक चूक नाही. असं असून जिना चढणारा माणूस दारातच विचारायचा, “भाऊ आहेत का?”

देवळ्याचे एक कांद्याचे व्यापारी आले होते. त्यांचं पुस्तक मी अगदी शिस्तीत लावलं होतं. जन्म, शिक्षण, व्यवसाय, कुटुंब, आणि जे कुठंच बसत नव्हतं ते शेवटी ‘संकीर्ण’मध्ये. यानं पडदा बंद केला. “आता सांगा.”

व्यापारी बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. मग म्हणाले, “काय सांगू भाऊ. एकदा कांदे साठवायच्या चाळीत मी घसरलो अन् सगळे कांदे अंगावर आले. नुस्तं डोकं वर. बायको आली, बघितलं, अन् हसली. लग्नाला वरीस झालं होतं. तवर ती हसलीच नव्हती.”

हा किस्सा ‘संकीर्ण’मध्ये होता. यानं मॉनिटर चालू केला, डाव्या बाजूच्या पट्टीत त्या किश्शाचा मथळा पकडला आणि सरळ वर नेऊन सोडला. व्यापाऱ्यांचा जन्म सहाव्या पानावर गेला. पुस्तकाच्या समारंभात त्यांच्या बायकोनं आधी कपाळावर हात मारला आणि मग तोंडाला पदर लावून पुन्हा हसली म्हणे. पुढच्या आठवड्यात दुकानात कांद्याची गोणी आली, भाऊंसाठी. “मॅडम, तुम्ही पण घ्या थोडे,” तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे आहेत. नव्हते.

आता हे पान उचलून वर नेणं दिसतं तेवढं सोपं नसतं. कागदाची पानं असती तर पत्त्यांसारखी पिसली असती. कॉम्प्युटरमध्ये पान असं काही नसतंच, नुसता वाहता मजकूर असतो. एक तुकडा हलवला की मागचं सगळं सरकतं. सत्काराचा फोटो श्रद्धांजलीत जाऊन बसतो, पानांचे आकडे चुकतात, अनुक्रमणिका खोटी ठरते. हा पसारा निस्तरायचा कोणी? “मॅडम, तेवढं नीट लावून घ्याल ना? तुमच्यासारखं कोणाला जमत नाही,” असं म्हणून तो शेंगा पुढं करायचा. त्यानं हलवायचं आणि मी सावरायचं. आभाराच्या पानावर नाव त्याचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि शेंगा मात्र मी खायचे. खमंग असायच्या.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग आमच्या आप्पांनी लिहायला घेतलं.

माझे वडील निफाडला पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुठल्या शेताला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, त्या पाळ्या सांभाळायच्या, गेट उघडायचं, बंद करायचं. बोलणं मोजकं. मला कधी चांगलंही म्हणाले नाहीत आणि वाईटही नाही. निवृत्तीनंतर त्यांनी वह्या भरल्या आणि माझ्या हातात ठेवल्या तेव्हा मला वाटलं, आता हे पुस्तक आमच्या दोघांचं. दुकानातल्या रिकाम्या दुपारी मी ते टाइप केलं, सनावळीप्रमाणे लावलं, बांधून घरी नेलं. आप्पांनी चष्मा लावून शेवटपर्यंत चाळलं. “चांगलं झालंय,” ते म्हणाले. “आता भाऊंना दाखव.”

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले. त्यानं त्यांना खुर्ची दिली, शेंगा दिल्या, पडदा बंद केला. मी शेजारी कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र बडवत होते आणि कान तिकडे होते. आप्पा काही बोलतील असं मला वाटत नव्हतं. खरं सांगते, बोलू नयेत अशीच माझी इच्छा होती.

“आता सांगा, आप्पा.”

“त्या दिवशी पाळी सोडायची होती,” आप्पा म्हणाले. “पहाटे गेट उघडायचं. अन् पोरीला लय ताप. डोळे फिरवायला लागली. मी तिला सायकलीच्या दांडीवर घेतली अन् निफाडचा दवाखाना गाठला. गेट राहिलं. लोक वाट बघत बसले, पाणी आलंच नाय. साहेबांनी मेमो दिला. पुरी नोकरी झाली, पाळी तेवढी एकदाच चुकली.”

“मग?”

“मग काय. बसलीय ना ती तिकडं.”

माझी बोटं थांबली. हे पान मी टाइप केलं होतं. ‘बदल्या व मेमो’ या प्रकरणात, आप्पांच्या सरकारी भाषेत. ‘कन्या आजारी असल्याने सदर दिवशी आवर्तन सोडणे शक्य झाले नाही.’ एकही चूक नव्हती. टाइप करणाऱ्याचा मजकूर डोळ्यांतून बोटात जातो, मधे कुठं थांबत नाही. त्या तापाचं घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी आप्पांच्या घरात वाढले, आणि आप्पांनी हे सांगितलं ते शेंगा खाणाऱ्या परक्या माणसाला.

“आप्पा, हे असंच पुन्हा बोला,” तो म्हणाला. “मॅडम, तुम्ही घ्या लिहून. माझी बोटं पोचायची नाहीत.”

आप्पा बोलले, मी टाइप केलं. माझ्याच तापाबद्दल, त्यांच्याच तोंडून, त्यांच्याकडे न बघता. त्या एका पानात जेवढ्या चुका झाल्या तेवढ्या आधी कधी झाल्या नव्हत्या. तो मागे उभा होता. “राहू द्या, नंतर बघू,” म्हणाला, आणि मथळा पकडून पान सगळ्यात वर नेलं. मी पानांचे आकडे लावले.

आता घरी पाहुणा आला की आप्पा पुस्तक काढतात आणि पहिलं पान मोठ्यानं वाचतात. मी चहा घेऊन बाहेर येते, पाहुणे माझ्याकडे बघतात, आणि मला ऐकायला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? मग आप्पा पुस्तक मिटतात आणि म्हणतात, “हे भाऊंनी काढलं माझ्याकडून.” प्रत्येक वेळी. मला वाटतं, एकदा तरी त्यांनी पान वाचून गप्प बसावं.

या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. त्याच्या आईला एकटीला होईना, म्हणून तो नामपूरला परत गेला. तिथं बाजाराजवळ स्वतःचं दुकान टाकलंय. जाताना कीबोर्ड उलटा करून टरफलं झटकून गेला. त्याचा फोन येतो, मी कामाचं बोलते आणि ठेवते. पाहुण्यांचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

जिन्यावरून अजून आवाज येतो, “भाऊ आहेत का?” नाहीत म्हटलं की लोक माझ्या टेबलाशी बसतात, जरा नाइलाजानं. परवा मीही धीर केला. एका काकांसमोर मॉनिटर बंद केला, खुर्ची वळवली आणि म्हटलं, “हां काका, आता सांगा.” काकांनी वर पंख्याकडे बघितलं. “लाइट गेली का, मॅडम?”

हा लेख लिहायला बसले तेव्हा क्रम ठरवून बसले होते. आधी माझं टायपिंग, मग दुकान, मग आप्पा, आणि तो शेवटी, संकीर्णमध्ये. सुचेना, म्हणून पडदा बंद करून बघितला. पहिल्यांदा काय आलं ते तुम्ही वर वाचलंच आहे.

आप्पांना अजून वाचून दाखवलेलं नाही. ते शेवटपर्यंत ऐकतील, चष्मा काढतील आणि म्हणतील, “चांगलं झालंय. आता भाऊंना दाखव.”