खाणीच्या पट्ट्यावर निघालेले काळपट तांदूळ

मंडळी, आज मारेगावच्या राईस मिलवर धान घेऊन गेलतो. तिथले शंकरकाका आधी कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापूस घटला, जिनिंग बंद पडली, तेव्हापासून ते इथं आहेत.

धान सोलणाऱ्या रोलरचं रबर पार झिजलं होतं. नवीन यायला आठ दिवस. मग काकांनी राजूरच्या कोळसा खाणीतून भंगारात निघालेला रबरी पट्टा कापून रोलरवर बसवला. मशीन मस्त चालली. पण माझे तांदूळ निघाले काळपट!

मी चिडलोच. "काका, हे काय करून ठेवलं?"

काकांनी मूठभर तांदूळ तळहातावर चोळले, तर बोटांना पट्ट्यातली कोळशाची भुकटी लागली. "जिनिंगमदी पट्टा नुसता पुसला तरी चालत होता, भाऊ. कापूस काही कोणी खात नाही. माह्या ध्यानातच नाही राह्यलं."

त्यांनी पट्टा घासून धुतला, आधी नुसता कोंडा चालवला. पुढच्या बाईचे तांदूळ स्वच्छ निघाले. काका मले स्वतःच्या घरचे तांदूळ देऊन राह्यले होते. मी घेतले नाहीत.

घरी बायकोनं ते काळपट तांदूळ चार पाण्यांनी धुतले. भात पांढराच झाला, फोटो टाकला आहे. मिलजवळ कोणी राहता का? काकांना एवढा फोटो दाखवा. मी निघालो तेव्हा जेवायची वेळ टळली होती, तरी त्यांचा जेवणाचा डबा तसाच बंद होता.