शेवटच्या ओळीतलं नाव

उदाराम शाहिराचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता: स्वतःच्या आवाजावर आणि ट्रंकेच्या कुलपावर. ट्रंकेत त्याच्या गाण्यांची चोपडी असायची. सालेकसा तालुक्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि तीस वर्षं त्या मंडयांतून उदारामनं डफ वाजवत खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, उभी केली होती. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत, शाहिरांच्या रिवाजाप्रमाणे, तो आपलं नाव गुंफायचा. ती ओळ म्हणजे गाण्याचा सातबारा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या पार्टीचा शाहीर शेजारी बसला तर हा पठ्ठ्या गुणगुणायचासुद्धा नाही.

आता तो संशय थेट घरात येऊन बसला होता. पोरगा लोकेश याच्यावर.

लोकेश गोंदियात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. लाल कोट, सोनेरी झालर, वरातीपुढे तीच ती हिंदी गाणी. चार सीझन त्यानं गाल फुगवले आणि गेल्या उन्हाळ्यात कोट मास्तरला परत करून मोकळा झाला. गोंदियाजवळ फुलचूरला खोली घेतली, एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली, एक ड्रमवाला आणि एक कीबोर्डवाला जमवला, आणि रॉक गातो म्हणाला. तेही आपल्या झाडीबोलीत! या भागात असलं खूळ आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजच्या संमेलनात पोरांनी "हिंदी लगाव" म्हणून ओरडून त्याला खाली उतरवलं. तिरोड्याकडे एका वाढदिवसाला यजमानानं स्वतः उठून प्लग ओढला. तिसऱ्या खेपेला, एका गणपतीपुढे, पोरं नाचायची थांबली आणि नुसती ऐकत उभी राहिली.

ही शेवटची बातमी ऐकून दुसरा बाप असता तर सुखावला असता. उदाराम उठून ट्रंकेचं कुलूप ओढून पाहून आला. पोरं ऐकत उभी राहिली म्हणजे शब्द चांगले असणार, आणि चांगले शब्द पोराला कुठून सुचणार? म्हणजे ते आपल्याच चोपडीतले.

एकदा संशय आला की पुरावे रांगेनं येतात. ट्रंक भिंतीपासून चार बोटं सरकलेली दिसली. त्याची बायको रुक्माबाई मागच्या पडवीत पोराशी फोनवर बोलायची, आणि हा दारात आला की एकदम धान कापणीवर यायची. त्यात दसऱ्याला आलेला लोकेश जेवता जेवता म्हणाला, "बाबा, ते 'मन वाकत नाही'वालं गानं तुमी कोन्या साली केलं जी?"

उदारामचा घास हातातच राहिला. "काऊन? तुले कायले पायजे?"

"असंच इचारून राहिलो."

"असंच कोनी इचारत नाही," उदाराम म्हणाला, आणि त्या दिवसापासून ट्रंकेची किल्ली करदोट्याला बांधून फिरू लागला.

ते गाणं म्हणजे उदारामचं नाक होतं. 'चिखलानं धरला पाय, सोडत नाही गा; पाठ वाकली माझी, मन वाकत नाही गा.' आणि शेवटी, 'शाहीर उदाराम म्हणे, ऐक माझ्या भाई गा.' धानाच्या रोवणीवरचं, म्हणजे भातलावणीवरचं, ते गाणं ऐकायला लोक दुसऱ्या गावाहून येत. एकदा एका म्हाताऱ्यानं भर मंडईत विचारलं होतं, "शाहीर, रोवणी तं बाया करतेत. तुमची पाठ कवा वाकली?" "कवीले न वाकताच समजते," असं म्हणून उदारामनं टाळ्या घेतल्या होत्या. घरी गेल्यावर मात्र तो रुक्माबाईशी नजर न मिळवता जेवला.

यंदा गावच्या मंडईत मंडळानं लोकेशला बोलावलं. उदारामनं मनाशी पक्कं केलं: पोरानं ते गाणं काढून शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घातलं, की स्टेजवर चढायचं, चोपडी दाखवायची आणि चोर कोण ते साऱ्या गावाला सांगायचं. पोटचा असला म्हणून काय झालं!

दुपार कलली होती. शिंगाडे आणि जिलेबीच्या दुकानांतली गर्दी स्टेजपुढे सरकली. चोपडी बगलेत धरून उदाराम पुढेच बसला. लोकेशनं आधी ट्रंपेट तोंडाला लावला, आणि वरातीच्या त्या वाजंत्रीतून रोवणीची चाल निघाली. मग गिटार, टिनावर खिळा ओढल्यासारखी. मग आवाज. 'पाठ वाकली माझी' तो गातच नव्हता, कुणाला तरी खडसावत होता. म्हातारे डफावर माराव्यात तशा गुडघ्यावर थापा मारू लागले. गाणं आपल्यापेक्षा चांगलं उभं राहिलंय, हे उदारामला कळलं आणि फार झोंबलं. तो उठून उभा राहिला.

शेवटची ओळ आली.

'चिखलात उभी राहून म्हणे रुक्माबाई गा.'

लोकेशनं गिटार थांबवली. कुणीतरी ओरडलं, "शाहीर, हे तं तुमचं गानं व्हय ना!" सगळ्या माना उदारामकडे वळल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रुक्मा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करता करता हे गुणगुणत होती, आणि तो शेताच्या कडेला धुऱ्यावर बिडी ओढत बसला होता. घरी येऊन त्यानं ते उतरवून घेतलं, शेवटी आपलं नाव लावलं. बायकोचं ते आपलंच, असं मनाला समजावलं. ती पुढेही दरवर्षी बांधीत ते गात राहिली, आणि लहानगा लोकेश धुऱ्यावर बसून ऐकत राहिला. कुणालाही ट्रंक उघडायची गरजच पडली नव्हती.

रुक्माबाई बायांच्या रांगेत, स्टेजच्या पायरीशीच बसली होती. ती हसत नव्हती, रडत नव्हती. उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तशी नवऱ्याकडे पाहत होती. उदाराम पायरीपर्यंत आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोरानं एकच सांगतलं. चोपडीतले माझे बाकीचे नऊ गाने कोन सांगन?"

उदारामला लाज वाटली, साऱ्या गावासमोर, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्यानं चोपडी तिच्या मांडीवर ठेवली आणि पायऱ्या चढला. लोकेशनं माइक पुढे केला.

चोर कोण ते सांगायचं, असं ठरवूनच तो घरून निघाला होता. त्यानं सांगितलं.